वानरांचं म्हातारपण सहा महिन्यांत बघता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. एम.एस्सी. प्राणिशास्त्राचं पहिलं वर्ष, गाव वाईच्या पश्चिमेला, आणि गावाबाहेरच्या वडांवर काळ्या तोंडाच्या वानरांची एक टोळी. टोळीत दोन म्हाताऱ्या माद्या आहेत, तरुण माद्या त्यांचे केस निवडत बसतात, त्यामुळे टोळी म्हाताऱ्यांना सांभाळते असं तुम्हाला वाटतं. यावर सहा महिन्यांचा प्रकल्प होईल का, की दुसरा प्राणी घ्यावा, आणि जीपीएस पट्टा लावावा लागेल का?

पट्ट्याचं आधी संपवते. नको. वानराला पट्टा घालायचा तर त्याला बेशुद्ध करावं लागतं. त्यासाठी वनखात्याची परवानगी हवी, पशुवैद्य हवा, आणि झाडावरून पडून जनावर जायबंदी होण्याची जोखीम आहेच. एवढं करून पट्टा सांगणार काय, तर जनावर कुठं आहे. तुमची टोळी कुठं आहे हे गावातलं शाळकरी पोरही सांगेल. कोण कुणाजवळ बसलं, कुणी कुणाचं पिल्लू उचललं हे पट्ट्याला कळत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही प्राणी कुठला घ्यावा हे विचारताय, पण अडचण तिथं नाही. त्या दोघी म्हाताऱ्या आहेत हे तुम्हाला कशावरून कळलं, अडचण इथं आहे.

हे मी स्वतः चुकून शिकले आहे. २००६ पासून मी जावळी तालुक्यातली एक टोळी बघते आहे. पहिल्या दोन वर्षांच्या वह्यांत एका मादीपुढं पानोपानी ‘म्हातारी’ असं लिहिलेलं आहे. चेहऱ्यावर सुरकुत्या, पोट ओघळलेलं, चाल मंद. तिसऱ्या उन्हाळ्यात तिच्या छातीला गुलाबी तोंडाचं, काळसर केसांचं नवं पिल्लू चिकटलेलं दिसलं. दोन वर्षांनी पुन्हा एक. ती ऐन मध्यमवयात होती, त्या काळात आजारी असावी. उलट जिला मी तरणी समजून बाजूला ठेवलं होतं, तिनं एकदा माझ्यासमोर मोठी जांभई दिली आणि झिजून हिरडीपर्यंत आलेले दात दिसले. वयाच्या दृष्टीनं माझ्या दोन वर्षांच्या नोंदी वाया गेल्या. तेव्हापासून मी एकच नियम पाळते: जिचा जन्म वहीत आहे तिचंच वय लिहायचं. बाकीच्यांपुढं ‘किमान’ हा शब्द. पहिल्यांदा दिसली तेव्हा ती लेकुरवाळी असेल तर तेव्हाच साधारण चार वर्षांची तरी होती, तिथून पुढची वर्षं मोजायची.

याहून मोठी फसगत वय नीट माहीत असतानाही होते. माऊलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम पडतात. समजा तुम्ही चांदोबाच्या लिंबापाशी उभे राहून वारकऱ्यांचा चालण्याचा वेग मोजलात. सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसं पंचविशीच्या पोरांच्या खांद्याला खांदा लावून चालताना दिसतील. त्यावरून वयानं चाल मंदावत नाही असं लिहाल का? ज्यांचे गुडघे गेले ते घरी ओसरीवर बसून पालखीचं थेट प्रक्षेपण बघताहेत. ते तुमच्या मोजणीत आलेच नाहीत.

रानात ही चाळण फार कडक असते. अशक्त मादी आठव्या-दहाव्या वर्षीच जाते. अठराव्या वर्षापर्यंत टिकते ती मुळातच काटक. तिची तुलना तुम्ही सरसकट सगळ्या तरण्या माद्यांशी केलीत तर म्हातारपण दिसणारच नाही. आकडेमोड कितीही भारी वापरा, एका हंगामात म्हातारे आणि तरणे शेजारी ठेवून वार्धक्य हाती लागत नाही. त्याच मादीची दहाव्या वर्षीची स्थिती आणि सोळाव्या वर्षीची स्थिती, अशी तिची तिच्याशीच तुलना करावी लागते. म्हणून लांब आयुष्याच्या प्राण्याचं वार्धक्य हा सहा महिन्यांचा विषय होत नाही.

हे काम खऱ्या अर्थानं कुठं जमलं आहे ते बघा, म्हणजे त्याला काय काय लागतं ते कळेल. हिंदी महासागरात सेशेल्सचं कझिन नावाचं बेट आहे, जेमतेम २९ हेक्टरचं. आपल्याकडच्या एखाद्या गायरानाएवढं. तिथला वटवट्या हा चिमुकला पक्षी १९६० च्या दशकात तीसेकच उरला होता. बेट राखलं गेलं, पक्षी वाढले, आणि १९८० च्या दशकापासून तिथल्या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घालून पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवल्या गेल्या. काही जोड्यांना पिल्लं वाढवायला मदतनीस मिळतात, काहींना मिळत नाहीत. २०१९ साली या नोंदींवरून दिसलं की मदतनीस लाभलेल्या प्रमुख माद्यांची उतारवयातली झीज कमी वेगानं होते. वाढत्या वयाबरोबर मरणाचा धोका त्यांच्यात कमी चढतो, आणि पेशींतल्या गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, कमी आखूड होतात. पण त्याच अभ्यासात असंही आढळलं की वय वाढलेल्या मादीला मदतनीस असण्याची शक्यता मुळातच जास्त. मदतीमुळे आयुष्य की आयुष्यामुळे मदत, हा गुंता वर्षानुवर्षांच्या नोंदींशिवाय सुटला नसता.

त्या बेटाची आणखी एक खासियत तुमच्या कामाची आहे. तो पक्षी बेट सोडून सहसा जातच नाही. म्हणून दिसेनासा झाला की मेला, असं तिथं धरता येतं. तुमच्या टोळीत ते धरता येणार नाही. वानरांत नर वयात आले की टोळी सोडतात, आणि दुसऱ्यानं हुसकावलेला हुप्प्या कुठं जातो ते कळतही नाही. माद्या मात्र बहुधा जन्मभर त्याच टोळीत राहतात. तेव्हा आयुष्याचा अभ्यास करायचा तर माद्यांचाच करा.

आता सहकार्याकडे येऊ. हा शब्द आपण फार सैल वापरतो. आपल्या भागात सहकार म्हटलं की साखर कारखाना डोळ्यांपुढं येतो, पण तुमच्या अभ्यासाला शेतातल्या जुन्या रीती जास्त उपयोगी पडतील. पैरा घ्या. आज मी तुझ्या रानात भांगलायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. पैरा फेडला नाही तर पुढच्या खेपेला कुणी येत नाही. भावकीतली मदत वेगळी, तिथं फेडीचा हिशेब कुणी ठेवत नाही. आणि विहिरीचा गाळ सगळ्यांनी मिळून काढणं आणखी वेगळं, कारण त्यात प्रत्येकाचं स्वतःचंच पाणी असतं. प्राण्यांतल्या मदतीलाही हे तीन प्रश्न विचारायचे: ही फेड आहे का, हे नातं आहे का, की यात तिचा स्वतःचाच फायदा आहे? वरून तिन्ही सारखंच दिसतं.

नात्याचं गणित उत्क्रांतीचे अभ्यासक डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडलं: मदतीनं होणारा फायदा गुणिले नात्याची जवळीक हे मदतीच्या किमतीहून जास्त भरलं तर ती वृत्ती पिढ्यांत टिकते. त्याच हॅमिल्टन यांनी १९६६ साली वार्धक्याचंही गणित मांडलं. वय वाढतं तशी पुढं होणारी संतती कमी उरते, त्यामुळे उतारवयातल्या दुखण्या-दोषांवर नैसर्गिक निवडीचा लगाम सैल पडतो. हे दोन्ही जोडून बघितलंत तर तुमच्या विषयाचं मर्म हाती येईल. म्हातारी स्वतः वीत नसली तरी तिच्यामुळे नातवंडं जगत असतील, तर तिची ती वर्षं निवडीच्या दृष्टीनं फुकट जात नाहीत. ऑर्का या समुद्री सस्तन प्राण्यात माद्या चाळिशीच्या आसपास विणं थांबवतात आणि पुढं काही दशकं जगतात, त्यामागं हेच कारण दाखवलं गेलं आहे. वानरात तसा लांब कालखंड नाही. म्हणून ऑर्कावरचं वाचून वानरावर चिकटवू नका.

माकडांवरचंही चिकटवू नका, ही चूक तर फार होते. लाल तोंडाच्या माकडांत मादीचा टोळीतला दर्जा आईकडून येतो आणि बहुधा टिकून राहतो. हनुमान वानरांत उलटं असतं. जोधपूरच्या वानरांवरच्या दीर्घ अभ्यासात दिसलं की नुकत्याच वयात आलेल्या माद्या वर चढतात आणि वयाबरोबर दर्जा उतरत जातो. तेव्हा म्हातारीचे केस कुणी निवडत असेल तर ते दर्जाला धरून नाही, हे तुमच्याकडं खरंच लक्ष देण्यासारखं आहे. पण निवडणारी तिची लेक आहे का? आणि म्हातारी उलट तिचे किती वेळ निवडते? हे मोजल्याशिवाय ‘सांभाळतात’ हा शब्द वहीत नको.

तसंच ‘एकटी पडली’ हा शब्दही नको. म्हातारी टोळीच्या कडेला बसलेली दिसली की आपलं मन लगेच कळवळतं. पण त्याची कारणं तीन असू शकतात: बाकीच्यांनी ढकललं, तिच्या बरोबरीच्या मेल्या, किंवा तिनंच सोबतिणी कमी केल्या. पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर १९३८ साली भारतातून नेलेल्या माकडांचे वंशज आहेत, आणि तिथं प्रत्येक माकड ओळखून नोंदी होतात. तिथल्या माद्यांची वर्षानुवर्षं स्वतःशीच तुलना केल्यावर दिसलं की वयाबरोबर त्या आपलं वर्तुळ लहान करत जातात आणि नात्यातल्या, जुन्या सोबतिणी तेवढ्या ठेवतात. इतरांना त्या नकोशा झाल्या असं नव्हतं. वानरात काय होतं ते वानरांनाच विचारावं लागेल.

एक प्रसंग सांगते, कारण त्यातून मी सगळ्यात जास्त शिकले. माझ्या टोळीत ‘तुटकी’ होती, डाव्या हाताची करंगळी नसलेली. २००७ मध्ये पहिल्यांदा दिसली तेव्हाच तिच्या पोटाशी पिल्लू होतं. २०२१ च्या नोव्हेंबरात ती कायम कडेला असायची. एका सकाळी भुईमूग काढलेल्या रानात टोळी उरल्यासुरल्या शेंगा वेचत होती. बांधाकडून तीन कुत्री आली. सगळ्या माद्या आंब्यावर चढल्या आणि सात-आठ महिन्यांचं एक पिल्लू खाली राहिलं. तुटकी वर चढलीच नाही. ती कुत्र्यांच्या आणि पिल्लाच्या मधे आली, दात विचकून पुढच्या कुत्र्याच्या नाकावर हात मारला, शेपटीला चावा घेऊ दिला, आणि तेवढ्यात पिल्लू झाडावर गेलं. माझ्या वहीप्रमाणे ते तिच्या लेकीचंही नव्हतं आणि नातीचंही नव्हतं.

माझे हात थरथरत होते. वहीत मी मोठ्या अक्षरात ‘त्याग’ असं लिहिलं. रात्री नकाशा काढायला बसले, कोण कुठं होतं याचा, आणि लक्षात आलं की सगळ्यात जवळ तीच होती. कडेला बसायची सवय, म्हणून कुत्र्यांच्या वाटेवर ती पहिली. म्हातारी धाडसी होती की नुसती जवळ होती? माउंट अबूला १९७० च्या दशकात वानरांच्या अभ्यासक सारा हर्डी यांनीही म्हाताऱ्या माद्यांना परक्या नरांपासून पिल्लं वाचवायला पुढं होताना पाहिलं, त्यामुळे ही गोष्ट मी किरकोळ मानत नाही. पण त्या दिवसापासून धोका आला की मी आधी सगळ्यांची अंतरं लिहिते, मग कोण पुढं गेली ते. पुढं न गेलेल्यांचीही. ‘त्याग’ हा शब्द मी खोडला. प्रसंग तसाच ठेवला.

मग सहा महिन्यांत काय करायचं? माझं स्पष्ट मत: प्रकल्पासाठी गांधीलमाशी घ्या, आणि वानरांची वही बाजूनं सुरू करा.

गांधीलमाशी म्हणजे छज्जाखाली, शाळेच्या व्हरांड्यात देठाला लटकलेलं उघड्या घरांचं कागदी पोळं करते ती. यातल्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कित्येक दशकं काम केलं आहे, आणि ते आपल्या देशात, रंगाचे ठिपके आणि वही यांच्या बळावर झालेलं आहे. अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन महिने लागतात, आणि कामकरी माशी सरासरी महिन्याच्या आतबाहेर जगते. म्हणजे सहा महिन्यांत तुम्ही जन्मापासून शेवटापर्यंतची कितीतरी आयुष्यं बघाल, जे वानरांत मला १९ वर्षांत मोजक्याच वेळा मिळालं.

यात सहकार्य आणि आयुष्यमान एकमेकांत कसं गुंतलं आहे तेही बघा. एकट्या मादीनं पोळं सुरू केलं आणि दोन महिन्यांच्या आत ती मेली तर अळ्या उपाशी मरतात, सगळी मेहनत मातीत. दुसरीच्या पोळ्यावर राबून ती मेली तर तिनं भरवलेल्या अळ्या मागं उरलेल्या वाढवतात. मरण इतकं जवळ असताना एकत्र राहणं का परवडतं, याचं गदगकरांनी १९९० साली दिलेलं हे एक उत्तर आहे. मला ते आजही फार मोलाचं वाटतं. शिवाय कामाची वाटणी वयावर चालते. लहान माशा घरात अळ्यांना भरवतात, बांधकाम करतात. वाढल्या की बाहेर जाऊन लगदा आणि भक्ष्य आणतात. पण खरं महत्त्व वयाच्या आकड्यापेक्षा पोळ्यावरच्या क्रमाला असतं. वडीलधाऱ्या नसतील तर लहानींना लवकर बाहेर पडावं लागतं, जसं मोठा भाऊ मुंबईला गेला की धाकट्याच्या हाती नांगर लवकर येतो.

काम कसं? दोन-तीन पोळी निवडा, पोरांच्या हाताला न लागणारी. जात ओळखीच्या जाणकाराकडून पक्की करून घ्या. पहाटे थंडीत माश्या सुस्त असतात तेव्हा नव्यानं बाहेर आलेल्या माशीच्या पाठीवर काडीनं लवकर वाळणाऱ्या रंगाचा ठिपका द्या. रंग आणि जागा यांच्या जोड्या करून प्रत्येकीला वेगळी खूण. रोज पहाटे पोळ्यावर कोण आहे याची हजेरी, आणि दिवसा ठरावीक वेळ कामांची नोंद. राणीला काढून बघायचा मोह पहिल्या प्रकल्पात टाळा. आणि माशी चावल्यावर अंगावर गांधी उठून श्वास लागल्याचा अनुभव तुम्हाला किंवा घरात कुणाला असेल, तर हे काम घेऊच नका.

सातभाईंचं काय, असंही तुमच्या मनात येईल. बांधाच्या बाभळीखाली पालापाचोळा उलथत फिरणारे सातभाई सहकार्यासाठी उत्तमच. सगळा थवा मिळून पिल्लं भरवतो; पावसाळ्यात तर पावशाचं आगंतुक पिल्लूही तितक्याच मायेनं भरवताना दिसतील. पण लहान सातभाईचा डोळा गडद असतो आणि वाढल्यावर फिकट पिवळसर होतो, एवढीच वयाची खूण. एकदा फिकट झाला की दोन वर्षांचा आणि दहा वर्षांचा सारखेच. पायात कड्या घालायला परवानगी आणि प्रशिक्षण लागतं. तुमच्या मार्गदर्शकांकडं ते असेल तर विचार करा, नसेल तर नको.

बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे. टोळी माणसाला किती सरावलेली आहे, शनिवारी मारुतीपुढं केळी-चपाती मिळते का (मिळत असेल तर त्या दिवसाच्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण खाण्यावरची भांडणं वर्तन बदलून टाकतात), आणि पदवीनंतर तुम्ही गावात राहणार की बाहेर जाणार. बाहेर जाणार असाल तर वही पुढं चालवणारं एखादं माणूस आत्ताच जोडा. शेतकऱ्यांशीही आधी बोला. वानरांनी हरभरा खाल्ल्यावर शेतकऱ्यांच्या अंगाची आग होते, ती खरी आहे. टोळीचा ठावठिकाणा तुमच्याकडून फटाके लावणाऱ्यापर्यंत जाऊ नये, आणि तुम्ही वानरांच्या बाजूचे म्हणून गावानं तुम्हाला तोडूही नये. माझ्याकडच्या कितीतरी तारखा शेतावर राखणीला बसणाऱ्या बायकांनी सांगितलेल्या आहेत.

वानरांच्या वहीचं इतकंच. पहिला महिना फक्त ओळखी: कान, भुवया, शेपटीचं टोक, बोटं, जुनी व्रणं. प्रत्येकीचे दोन्ही बाजूंनी फोटो, कारण मी एकदा केवळ उजव्या कानाच्या खाचेवर विसंबून दोन माद्यांना वर्षभर एकच समजत होते. ओळखी पक्क्या झाल्या की चिठ्ठी टाकून एक मादी निवडायची आणि १५ मिनिटं तिच्यावरून नजर हलवायची नाही, शेजारी कितीही दंगा होवो. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली हे पटवून दिलं: नजर मोकळी सोडली की ती भांडणाकडं आणि पिल्लांकडं पळते, आणि गप्प बसलेली म्हातारी नोंदीतून गळते.

वहीत प्रत्येकीला एक पान द्या. वर नाव आणि खूण, खाली पिल्लांचे जन्म, आणि शेवटी एक रकाना. त्या रकान्याचं नाव ‘मृत्यू’ असं घालू नका. ‘शेवटचं दिसली’ असं लिहा. प्रेत स्वतः पाहिलं तरच त्यापुढं ‘मेली’. तुटकीच्या पानावर ‘९ फेब्रुवारी २०२३, ओढ्याकाठच्या उंबरावर’ एवढंच आहे.